राज्यशास्त्राचं नोबेल कुणाला मिळतं आणि बेळगावच्या माणसानं ते का वाचावं

ऑक्टोबर आला की नोबेलची नावं जाहीर व्हायला लागतात आणि व्हॉट्सअपवर फॉरवर्ड सुरू होतात, फिजिक्स, केमिस्ट्री, मेडिसिन, साहित्य, शांतता, शेवटी इकॉनॉमिक्स. राज्यशास्त्र त्यात नाही. आल्फ्रेड नोबेलनं मृत्युपत्रात पाचच विषय लिहिलेले, इकॉनॉमिक्सचं बक्षीस स्वीडनच्या सेंट्रल बँकेनं १९६८ मध्ये त्याच्या नावानं सुरू केलं, राज्यशास्त्र बाहेरच राहिलं. पण त्याच स्वीडनमध्ये उप्साला म्हणून शहर आहे, तिथलं विद्यापीठ १४७७ सालचं, आणि तिथं १९९५ पासून राज्यशास्त्रासाठी एक वेगळा पुरस्कार देतात, योहान स्किटे पुरस्कार. या विषयातली माणसं त्यालाच आपलं नोबेल म्हणतात.

आपल्याकडं बी.ए.ला हा विषय घेतलेल्या पोरांनासुद्धा हे नाव क्वचितच माहीत असतं. पॉलिटिकल सायन्स घेतलंय म्हटलं की घरातले विचारतात मग इलेक्शनला उभारणार काय, आणि पोरगं गप्प बसतं, कारण सायन्सला मार्क कमी पडले म्हणून आर्ट्सला आलं आणि आर्ट्समध्ये सोपा म्हणून हा विषय घेतला असंच त्याला सगळ्यांनी सांगितलेलं असतं. मला हे बघून मनापासून वाईट वाटतं. कारण स्किटे पुरस्काराच्या यादीतल्या लोकांनी आयुष्यभर जे प्रश्न धरून ठेवले ते बघितले तर त्यातले निम्मे तरी आपण सीमाभागातली माणसं रोज जगत असतो.

आधी पुरस्काराबद्दल थोडं. योहान स्किटे हा सतराव्या शतकातला स्वीडिश माणूस, राजा गुस्ताव अडॉल्फचा शिक्षक, नंतर उप्साला विद्यापीठाचा कुलपती. १६२२ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आठ वर्षं आधी, त्यानं विद्यापीठात वक्तृत्व आणि राज्यकारभार या विषयाचं एक प्राध्यापकपद सुरू केलं आणि ते कायम चालावं म्हणून स्वतःच्या जमिनी त्याच्या नावे लावून दिल्या, आपल्याकडं देवळाच्या दिवाबत्तीला इनाम जमीन लावून द्यायचे तसंच. ते पद चारशे वर्षं झाली अजून चालू आहे, जगात सलग चालत आलेलं राज्यशास्त्राचं सगळ्यात जुनं प्राध्यापकपद म्हणून त्याचं नाव घेतात. स्किटेच्याच नावाच्या फाउंडेशननं पुढं १९९५ मध्ये पुरस्कार सुरू केला. रक्कम पाच लाख स्वीडिश क्रोनर, आपल्या पैशात साधारण चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. नोबेलची रक्कम आता एक कोटी दहा लाख क्रोनर आहे, त्यापुढं ही लहानच, पण मान मोठा. अट एकच, राज्यशास्त्रात सगळ्यात मोलाची भर घातलेला अभ्यासक पाहिजे. मंत्री, पंतप्रधान, चळवळीतला पुढारी यांच्यासाठी हा पुरस्कार नाही.

पहिला पुरस्कार अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे रॉबर्ट डाल यांना. त्यांचं १९६१ सालचं काम बघा, त्यांनी न्यू हेवन नावाचं एकच मध्यम आकाराचं शहर घेतलं आणि विचारलं, या गावात सत्ता नक्की चालवतं कोण? मोठ्या माणसांची यादी करून ते थांबले नाहीत, प्रत्यक्ष निर्णय तपासले, शहराच्या जुन्या भागाची पुनर्बांधणी, शाळा, पक्षाची तिकिटं, प्रत्येक निर्णयात शेवटचा शब्द कुणाचा चालला. उत्तर आलं की प्रत्येक विषयात वेगळी माणसं वजनदार. यावर नंतर खूप वाद झाले, पण पद्धत बघा किती साधी आहे. बेळगाव महानगरपालिकेचे दहा वर्षांतले रस्ते, पाणी, मार्केट आणि लेआउटचे निर्णय काढून कुणीही हे करू शकतं.

याच डाल यांना आणि त्या पिढीतल्या सगळ्यांनाच एक कोडं पडलेलं, ते म्हणजे भारत. गरिबी, निरक्षरता, एवढ्या भाषा, एवढे धर्म, पुस्तकातल्या हिशोबानं इथं लोकशाही टिकायलाच नको होती. या कोड्याला सगळ्यात थेट भिडलेला माणूस म्हणजे आरंड लायपहार्ट, १९९७ चा मानकरी, आणि मला वाटतं सीमाभागातल्या माणसानं एकच नाव वाचायचं ठरवलं तर हे वाचावं.

लायपहार्ट मूळचे नेदरलँड्सचे. त्यांच्या लहानपणी तो देश आतून चार भागांत वाटलेला होता, कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी, उदारमतवादी. प्रत्येकाची शाळा वेगळी, पेपर वेगळा, युनियन वेगळी, रेडिओसुद्धा वेगळा, एका गटातला माणूस दुसऱ्या गटातल्या माणसाला फारसा भेटायचाच नाही. असा देश फुटायला पाहिजे होता पण फुटला नाही, कारण वरती चारी गटांचे पुढारी एकत्र बसून वाटाघाटी करायचे. यावरून त्यांनी एक सिद्धांत मांडला, सत्ता-वाटपाची लोकशाही म्हणूया. जिथं समाज कायमचा गटागटांत वाटलेला आहे तिथं ५१ टक्केवाल्यांनी राज्य करायचं आणि ४९ नी गप्प बसायचं हे चालत नाही, कारण पाच वर्षांनी पारडं फिरेल ही आशाच तिथं नसते. भाषा काय पाच वर्षांनी बदलत नाही. म्हणून चार गोष्टी लागतात. सरकारात सगळ्या मोठ्या गटांचा सहभाग पाहिजे. शाळा, भाषा, संस्कृती या बाबतीत ज्याचं त्याला चालवू द्यायचं. पदं, नोकऱ्या, निधी यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. आणि एखादा निर्णय एखाद्या गटाच्या मुळावरच येत असेल तर त्याला तो थांबवता आला पाहिजे.

१९९६ मध्ये त्यांनी भारतावर पेपर लिहिला आणि म्हणाले की भारत या नियमाला अपवाद नाहीच, भारतानं हेच चारही केलंय, फक्त कागदावर त्या नावानं लिहिलेलं नाही. जुनी काँग्रेस म्हणजे सगळ्या गटांना पोटात घेणारी आघाडीच होती. भाषावार राज्यं आणि अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क ही स्वायत्तता. आरक्षण हा प्रमाणात वाटा. आणि हिंदीचा प्रश्न १९६५ मध्ये तामिळनाडूत पेटला तेव्हा केंद्रानं माघार घेतली, १९६७ च्या कायद्यानं इंग्रजी चालू ठेवली, हा झाला व्हेटो.

आता यात बेळगाव कुठं बसतं? १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला. मराठी माणसाला महाराष्ट्र आणि कन्नड माणसाला कर्नाटक मिळून लायपहार्ट यांच्या हिशोबातली स्वायत्तता दोघांना मिळाली, पण रेषा कुठंही ओढली तरी तिच्या अलीकडं-पलीकडं माणसं राहतातच, आणि त्यांच्यासाठी तीच स्वायत्तता उलटी होते, कारण शाळा, बोर्ड, सातबारा, उतारे, सगळं ज्याच्या हातात जातं तो दुसऱ्या भाषेचा बहुसंख्य गट असतो. माझ्या मते त्यांच्या पेपरात ही जागा कच्ची राहिली. त्यांनी देशाच्या पातळीवर वाटप मोजलं, राज्याच्या आत तेवढं बारकाईनं मोजलं नाही. घटनाकारांना आणि तेव्हाच्या संसदेला मात्र हे दिसलेलं होतं. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०अ आणि ३५०ब आलं, एकानं भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला सांगितली आणि दुसऱ्यानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी, म्हणजे आयुक्त नेमला. सत्ता-वाटप राज्याच्या आत नेण्याचाच तो प्रयत्न होता. पण आयुक्त अहवाल देतो, शिफारस करतो, अंमलबजावणी राज्याच्या हातात, म्हणजे चौथी गोष्ट जी थांबवायची ताकद ती इथं नाही. प्रदेश कुठल्या राज्यात असावा हा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात नेलेला आहे, त्याचा निकाल काहीही लागो, शाळेचा आणि कागदपत्रांच्या भाषेचा प्रश्न त्यानं आपोआप सुटत नाही, कारण रेषा हलली तर अल्पसंख्याक बदलतील, संपणार नाहीत.

लायपहार्ट यांच्यावर टीकाही झाली. स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००० मध्ये दाखवायचा प्रयत्न केला की नेहरूंच्या काळात भारत उलट सत्ता-वाटपापासून लांब होता. पण एखादी मांडणी एवढ्या लोकांनी तपासायला घ्यावी हाच तिचा मोठेपणा असं मला वाटतं.

त्यांच्या एक वर्ष आधी, १९९६ ला, हुआन लिंझ यांना पुरस्कार मिळाला. स्पेनचा माणूस, हुकूमशाह्या कशा येतात आणि लोकशाह्या कशा कोसळतात यावर आयुष्य घातलेला. स्पेनमध्ये कातालोनिया या वेगळ्या भाषेच्या प्रांताचा प्रश्न आहे, तिथं लोकांना विचारायला एक प्रश्न वापरतात ज्याला लिंझ-मोरेनो प्रश्न म्हणतात. तुम्ही स्वतःला काय समजता, फक्त स्पॅनिश, जास्त स्पॅनिश पण कातालानसुद्धा, दोन्ही सारखेच, जास्त कातालान, की फक्त कातालान? एवढंच. पण यात एक मोठी गोष्ट आहे, माणसाला एकच काहीतरी निवड म्हणून भिंतीला टेकवलेलं नाही. आणि जिथं जिथं हा प्रश्न विचारला तिथं बरीच माणसं मधल्या पर्यायांत सापडतात. लिंझ यांनी पुढं आल्फ्रेड स्टेपन आणि आपले योगेंद्र यादव यांच्याबरोबर २०११ मध्ये पुस्तक लिहिलं आणि म्हटलं की देश दोन तऱ्हेनं उभा राहू शकतो. एक तऱ्हा फ्रान्सची, सगळ्यांची एक भाषा, एक संस्कृती करा मग देश पक्का. दुसरी तऱ्हा भारताची, ओळखी अनेक राहू देत, त्यांना मान द्या, त्या मानामुळंच माणसं देशाला धरून राहतात.

या यादीत मला सगळ्यात जवळची वाटते ती एलिनॉर ऑस्ट्रॉम, १९९९ ची मानकरी. तिला इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करायची होती, पण कॉलेजात गणित पुरेसं झालेलं नाही म्हणून प्रवेश मिळाला नाही, मग ती राज्यशास्त्रात आली, आणि २००९ मध्ये इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळवणारी जगातली पहिली बाई ठरली. स्किटेवाल्यांनी तिला दहा वर्षं आधी ओळखलं होतं, हे सांगताना मला अभिमान वाटतो.

तिचा प्रश्न असा. गावचं गायरान, तळं, जंगल, मासेमारीची जागा, अशी सगळ्यांच्या मालकीची वस्तू कशी टिकते? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहिलेलं की ती टिकतच नाही, प्रत्येकजण आपली एक म्हैस जास्त सोडणार आणि कुरण उजाड होणार, म्हणून एकतर सरकारनं ताब्यात घ्या नाहीतर खाजगी करा. ऑस्ट्रॉम म्हणाली थांबा, आधी जाऊन बघूया. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावात १५१७ चा लेखी नियम सापडला, ज्यानं जितक्या गाई हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर पोसल्या तितक्याच त्यानं उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. तुर्कस्तानातल्या अलान्या गावात मासेमार दर सप्टेंबरला जाळं टाकायच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायचे आणि मग रोज एक जागा पूर्वेकडं सरकायचे, जानेवारीनंतर उलट पश्चिमेकडं, म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येणार आणि कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसला तर ज्याची पाळी आहे तोच बोंब मारणार, वेगळा पोलीस लागत नाही. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला पाण्याचे तंटे दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांचेच निवडलेले लोक ऐकतात. नेपाळमध्ये तर तिला असं दिसलं की सरकारनं बांधलेल्या सिमेंटच्या पक्क्या कॅनालपेक्षा शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या कच्च्या पाटांचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत जास्त नीट पोचतंय.

या सगळ्यातून तिनं काही समान गोष्टी काढल्या. हद्द आणि हक्कदार ठरलेले पाहिजेत, नियम त्या जागेला शोभणारे पाहिजेत आणि जे पाळणार त्यांनीच ते केलेले पाहिजेत, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच किंवा त्यांना जबाबदार पाहिजे, पहिल्या चुकीला थोडा दंड आणि मग वाढत जाणारा, भांडण मिटवायला जवळची आणि स्वस्त जागा, आणि वरच्या सरकारनं गावाचा हा हक्क मानला पाहिजे. ही शेवटची अट वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. कारण आपल्याकडं ज्ञान होतंच, धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी पाणी वाटायचा, कर्नाटकात तळ्याचं पाणी सोडणारा नीरगंटी असायचा, कुणाच्या शेताला किती वेळ ते गाव ठरवायचं. तळी सरकारी खात्याकडं गेली, नीरगंटीचा हक्क गेला, आणि मग गाळ काढायचा कुणी हा प्रश्न उभा राहिला. गावच्या गायरानात अतिक्रमण झालं की आपण लगेच म्हणतो लोकच असले, पण ऑस्ट्रॉम विचारेल, नियम करायचा हक्क त्या लोकांच्या हातात ठेवला होता काय?

हाना पिटकिन, २००३. बर्लिनमध्ये जन्मलेली, नाझींच्या काळात कुटुंबाबरोबर देश सोडावा लागलेली. तिचं १९६७ चं पुस्तक एकाच गोष्टीवर, प्रतिनिधी म्हणजे काय. आपण म्हणतो आमचा नगरसेवक, आमचा आमदार, पण आमचा कुठल्या अर्थानं? रीतसर निवडून आला आणि पुढच्या वेळी पाडता येतो, हा एक अर्थ. आमच्यासारखा दिसतो, आमची भाषा बोलतो, आमच्या गल्लीतला आहे, हा दुसरा. त्याच्याकडं बघून आम्हाला आमची अस्मिता आठवते, छाती फुगते, हा तिसरा. आणि सभागृहात आमच्या हिताचं काम करतो, हा चौथा. हे चार अर्थ एकत्र येतीलच असं नाही. आपल्या भागातल्या निवडणुकांत दुसरा आणि तिसरा अर्थ फार जोरात असतात आणि चौथा मागं पडतो, हे मी कुठल्याही एका पक्षाबद्दल बोलत नाहीये, सगळ्यांबद्दल बोलतोय. पण दुसरा अर्थ फालतू आहे असंही नाही. जेन मॅन्सब्रिज, २०१८ ची मानकरी, तिनं १९९९ मध्ये लिहिलं की ज्या गटाला बहुसंख्यांवर भरवसा उरलेला नाही त्याला स्वतःच्यातला माणूस सभागृहात असणं खरंच गरजेचं असतं, कारण मन मोकळं करून बोलणं तिथूनच सुरू होतं. ग्रामपंचायतीत बायकांना आरक्षण का, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला युक्तिवाद मला सापडलेला नाही. कर्नाटकानं तर १९८३ च्या कायद्यानं पंचायतीत बायकांना २५ टक्के जागा दिल्या, देशाची ७३ वी घटनादुरुस्ती त्यानंतर नऊ वर्षांनी आली.

रॉबर्ट पटनम, २००६, यांनी इटलीत उत्तरेकडची प्रांतिक सरकारं चांगली आणि दक्षिणेकडची रखडलेली का हे वीस वर्षं शोधलं, उत्तर आलं गायनमंडळं आणि फुटबॉल क्लब, म्हणजे जिथं लोक आपणहून एकत्र येतात तिथं सरकारही नीट चालतं. हे ऐकून आपल्याला गणेश मंडळं आठवतात, पण जरा दमानं घ्यावं लागतं. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांचा अभ्यास करून दाखवलं की आपापल्यातच एकत्र येणाऱ्या संघटनांनी हिंदू-मुस्लिम दंगे थांबत नाहीत, दोन्ही गटांची माणसं ज्यात आहेत अशा संघटनांनी थांबतात. म्हणून मराठी आणि कन्नड दोघं जिथं संचालक म्हणून एका टेबलाला बसतात ती पतसंस्था, व्यापाऱ्यांची असोसिएशन, रिक्षावाल्यांची युनियन, या जागांकडं अभ्यासकानं आधी जायला पाहिजे.

एस्टोनियाचे रेन तागेपेरा, २००८, मूळ फिजिक्सचे, यांनी मार्कू लाक्सो यांच्याबरोबर १९७९ मध्ये एक फॉर्म्युला दिला. सभागृहात पक्ष दहा असले तरी खरे किती हे कसं मोजायचं? प्रत्येक पक्षाच्या वाट्याचा (५० टक्के म्हणजे ०.५ असं धरून) वर्ग करा, बेरीज करा, १ ला त्या बेरजेनं भागा. ५०, ३० आणि २० टक्के असतील तर उत्तर साधारण २.६, आणि ८०, १०, १० असतील तर १.५. पक्ष दोन्हीकडं तीनच, पण चित्र वेगळं. हा माणूस १९९२ मध्ये स्वतःच्या देशात राष्ट्राध्यक्षपदाला उभारलाही होता, निवडून आला नाही. अमर्त्य सेन यांना स्किटे पुरस्कार २०१७ मध्ये मिळाला, नोबेलनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. जिथं वर्तमानपत्रं मोकळी आहेत आणि निवडणुका होतात तिथं दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडत नाहीत ही त्यांची मांडणी बहुतेकांना माहीत आहे. २०२४ मध्ये जर्मनीचे तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांना.

यादी पूर्ण वाचली की एक गोष्ट खटकते आणि ती बोलायला पाहिजे. बहुतेक सगळी नावं अमेरिका आणि युरोपच्या विद्यापीठांतली. रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये भारतातली एकाच पक्षाची वरचढ असलेली लोकशाही ज्या तऱ्हेनं समजावली त्यावर जगभर लिहिलं गेलं, पण ते या यादीत नाहीत. आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या विद्यापीठांतली नावं शोधावी लागतात. भारताचं कोडं डच माणसानं आणि स्पॅनिश माणसानं सोडवायला घेतलं ही त्यांची थोरवी, पण बाहेरून बघताना राज्याच्या आतला माणूस निसटतो हे वर लायपहार्ट यांच्या बाबतीत बघितलंच.

लिंझ-मोरेनो प्रश्नाचं घ्या. कातालोनियात प्रदेश आणि तिथली भाषा एकाच नावाची, म्हणून दोन टोकं पुरतात, एक देश आणि एक प्रदेश. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मराठी माणसाला हा प्रश्न विचारला तर तो अडखळेल, कारण त्याचं राज्य वेगळं आणि भाषा वेगळी, त्याच्याकडं तीन टोकं आहेत, भारतीय, कर्नाटकातला, मराठी, आणि चौथं म्हणजे बेळगावकर, ज्यात शेजारचा कन्नड माणूससुद्धा येतो. एम.ए.च्या प्रोजेक्टला कुणाला विषय पाहिजे असेल तर हा घ्या. तीन टोकांचा प्रश्न नीट मराठीत आणि कन्नडमध्ये तयार करा, खानापूर, निपाणी आणि बेळगाव शहरात मराठी घरांत विचारा, मग पलीकडं महाराष्ट्रात जत आणि अक्कलकोटला जाऊन तिथल्या कन्नड घरांत तोच प्रश्न विचारा. दोन्हीकडं वय, शिक्षणाचं माध्यम आणि घरात बोलायची भाषा लिहून घ्या, कारण आजोबांचं उत्तर आणि इंग्लिश मीडियमच्या नातवाचं उत्तर एकच येईल असं समजायचं काही कारण नाही. प्रश्न विचारणारा मात्र दोन्ही भाषा येणारा पाहिजे, आणि आपल्या भागात तशी पोरं भरपूर आहेत.